वर्षालीबाईंचा निरोप समारंभ

आमच्या शाळेच्या मंडळाला तीन वर्षांत एक ठराव करता आला नाही, पण निरोप समारंभ दोन दिवसांत उभा करता आला. ही बढाई नाही, तक्रार आहे. आणि ती करायचा मला पूर्ण हक्क आहे, कारण मी त्याच मंडळाची चिटणीस आहे.

शाळेचं नाव ‘सवड’. अमरावतीत साईनगरच्या अलीकडे एका घराच्या तळमजल्यावर ती भरते. कोणाला अक्षरं उलटी दिसतात, कोणाच्या हातून आकडे निसटतात, कोणाला एका जागी बसवत नाही, पण बाकी डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा तल्लख, अशी मुलं तिथे येतात. मोठ्या शाळांनी हात टेकले की आईबाप आमचा पत्ता शोधतात. ह्या मुलांना सवड दिली की ती शिकतात, म्हणून हे नाव ठेवलं. पुढे ती सवड सगळी मंडळानेच वापरून टाकली.

मंडळात आम्ही चौघं. सगळे बिनपगारी, त्यामुळे कोणी कोणाचं ऐकत नाही. अध्यक्ष नारायणराव दाणी, निवृत्त वकील. घरात चहा मागतानाही ते ‘सबब’ म्हणत असावेत असा माझा संशय आहे. उपाध्यक्ष किसनराव बोबडे, राजापेठेत भांड्यांचं दुकान. माणूस सोन्यासारखा, फक्त त्यांना कुठलाही प्रसंग आला की आधी मंडप दिसतो. तिसऱ्या गोदावरीताई मोहरील, निवृत्त मुख्याध्यापिका. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्या ते दुरुस्त करून परत देतात. आणि चौथी मी, ज्योत्स्ना वानखडे. बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. लोकांना रांगेत उभं केलं की ते काहीही म्हणतात.

आमच्या सभेचा विषय क्रमांक एक म्हणजे मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. जगात सगळीकडे हे काम चहा येईपर्यंत आटोपतं. आमच्याकडे मात्र तीच सभा असते. मी वाचते, ‘चर्चा झाली.’ गोदावरीताई म्हणतात, ‘साधकबाधक चर्चा’ असं हवं. नारायणराव म्हणतात, ‘बाधक’ शब्द नोंदवला तर उद्या कोर्टात अंगाशी येईल. किसनराव दुखावलेल्या आवाजात विचारतात, मागच्या वेळी कचोरी मी आणली होती, ते काहून नाही लिवलं? मग संध्याकाळ होते. पुढच्या सभेत मी ह्या भांडणाचं इतिवृत्त वाचते आणि त्या भांडणात कोण काय म्हणालं ह्यावर नवं भांडण होतं. दळण संपत नाही आणि पीठही पडत नाही, अशी आमची गत.

तिकडे खाली विषय क्रमांक चार वाट पाहत बसलेला असतो. ‘श्रीमती वर्षाली इंगोले यांना सेवेत कायम करणे.’ तीन वर्षं तो तिथेच बसून आहे.

वर्षाली आमची विशेष शिक्षिका. चांदूरबाजारकडची, अंगाने बारीक, आवाज मात्र दोन माणसांचा. जुईली नावाची अकरा वर्षांची मुलगी आमच्याकडे आली तेव्हा ‘मले वाचता येत नाही’ एवढं एकच वाक्य बोलायची, तेही कोणी विचारायच्या आधी. वर्षालीने तिला वाळूत बोटाने अक्षर काढायला लावलं, मग कणकेत, मग एकमेकींच्या पाठीवर. एक दिवस जुईली शाळेसमोरच्या किराणा दुकानाची पाटी वाचत उभी राहिली. दुकानदार ‘काय पाह्यजे, काय पाह्यजे’ विचारून थकला. तिला काही नको होतं. तिला फक्त ‘मसाले’ वाचायचं होतं.

अशी बाई, आणि दर उन्हाळ्यात तिची नेमणूक संपते. जूनमध्ये पुन्हा नवी सुरू होते. मधल्या दिवसांत ती कोणाचीच कोणी नसते. मला ह्याची चीड येते, आणि चीड आली की मी विषय क्रमांक चार ठळक अक्षरांत लिहिते. त्याने काही होत नाही.

त्या गुरुवारी ती माझ्यासमोर आली आणि एक अर्ज ठेवला. अकोल्याच्या एका शाळेने तिला कायमची जागा देऊ केली होती. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. खाली तिने लिहिलं होतं, ‘तरी मंडळाने माझ्याबाबत काय तो निर्णय घ्यावा.’

“मॅडम,” ती म्हणाली, “माहं म्हननं असं होतं का...”

“तू काही बोलू नको,” मी म्हटलं. “तू फक्त पोट्ट्यांकडे पाह्य. मंडळाचं मी पाहून घेईन.”

त्याच संध्याकाळी मी तातडीची सभा बोलावली. वर्गातच बसलो, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लावून.

“विषय क्रमांक एक,” नारायणराव म्हणाले.

“साहेब, आज थेट चार नंबर घेऊ. पोरीले सोमवारी उत्तर द्याचं हाये.”

“सबब एवढीच, ज्योत्स्नाताई, की एक सोडून चार घेता येत नाही. सभा म्हणजे काही शिडी नव्हे, की मधल्या पायऱ्या गाळाव्या.”

“शिडीच्या पायऱ्या गाळता येतात,” गोदावरीताई म्हणाल्या. “गाळता येत नाहीत ते पाढे.”

झालं. शिडीवरून पाढ्यांवर, पाढ्यांवरून हल्लीच्या मुलांना पावकी-निमकी येत नाही इथवर गाडी गेली. किसनराव तेवढ्या वेळात वर्षालीचा अर्ज वाचत होते. ते सावकाश वाचतात. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले.

“म्हंजे बाई अकोल्याले चालल्या?”

“चालल्या नाही, किसनभाऊ, अजून...”

“अरे अरे अरे! अन् आमी त्यायले असं कोरडं कोरडं जाऊ द्याचं?”

किसनरावांना खरंच भरून आलं होतं. ते ढोंग करत नाहीत, हीच त्यांची अडचण आहे. त्यांना भरून आलं की कुठेतरी बांबू रोवले जातात.

“निरोप झाला पाह्यजे,” ते म्हणाले. “असा झाला पाह्यजे का अकोलेवाले पाहात राह्यले पाह्यजे!”

आणि काय सांगू, मेलेल्या सभेत जीव आला. नारायणराव म्हणाले, मानपत्र मी लिहितो. गोदावरीताई म्हणाल्या, शाल मी आणते आणि भाषणही मीच करते. मंडप किसनरावांचा, जेवण किसनरावांचं. रविवारी सकाळी, शाळेच्या अंगणात, रोडगे आणि वांग्याची भाजी. कोणी क्रमांक विचारला नाही, कोणी इतिवृत्त मागितलं नाही. आमच्याकडे सत्कार हा विषयपत्रिकेवर नसतोच. तो आपोआप होतो, जांभईसारखा, एकाने सुरू केला की सगळ्यांना येतो.

“अहो, तिले निरोप नाही द्याचा!” मी ओरडले. “तिले ठेवून घ्याचं हाये!”

“तुमच्या भावना आम्ही समजू शकतो, ताई,” नारायणराव हळुवारपणे म्हणाले. “म्हणूनच आभारप्रदर्शन तुमच्याकडे देतो आहोत.”

आभारप्रदर्शन म्हणजे कार्यक्रमातला तो भाग, ज्यात लोक आपापल्या चपला शोधतात.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बॅनर लागला. किसनरावांच्या पुतण्याने हौसेने करून घेतला होता. मधोमध वर्षालीचा फोटो, भोवती झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना तेवत्या समया, आणि वर ‘भावपूर्ण निरोप’. बॅनरवाल्याकडे हाच नमुना तयार होता. आधी कोणाकरता वापरला होता ते सांगायला नको. तो फोटो पालकांच्या ग्रुपवरून फिरत फिरत नांदगाव पेठेला वर्षालीच्या मामापर्यंत गेला. मामा कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून, रडत, दोन भाच्यांना घेऊन शाळेत पोचला. वर्षालीने दार उघडलं तेव्हा तो तिला पाहून खाली बसला. पाणी पाजावं लागलं.

मामाला रिक्षात बसवून ती माझ्याकडे आली. चेहरा दगडासारखा.

“मॅडम, मंडळाचा निर्णय समजला.”

“वर्षाली, तो निर्णय नाही. थे किसनभाऊ हायेत.”

“तीन वर्षांत एक ठराव झाला नाही. अन् निरोप रातोरात? म्हंजे मी जावं हेच सगळ्यायच्या मनात हाये. बरं हाये. तसं सांगतलं असतं तरी चाललं असतं.” मग ती वर्गात गेली आणि पंधरा मुलांना कणकेचे ‘क’ करायला बसवलं.

मला इतका राग आला की मी घरी न जाता फोन घेऊन अंगणातच उभी राहिले. आधी किसनरावांना लावला. ते म्हणाले, “ताई, गवऱ्या येऊन पडल्या. वांगे तोडाले सांगतले. आता निरोप कॅन्सल केला त लोक काय म्हनतीन?” नारायणराव म्हणाले की मानपत्राचा मसुदा पूर्ण झालेला असून तो त्यांच्या आजवरच्या लेखनात सरस उतरला आहे. गोदावरीताईंनी फोनवरच भाषणाचा पहिला परिच्छेद म्हणून दाखवला. माझं म्हणणं ऐकून घेतलं नाही, पण त्यातली दोन वाक्यं दुरुस्त करून दिली.

रविवारी सकाळी अंगण भरलं. मंडप लाल-पिवळा, मागच्या भिंतीशी गवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजत होते, आणि वांग्याच्या भाजीचा वास असा सुटला होता की पहिल्या भाषणालाच लोकांची मान मागे वळत होती. स्टेजवर आम्ही चौघं, मध्ये वर्षाली. ती गोदावरीताईंनी आणलेल्या शालीकडे बघत होती. शाल चांगली जाड होती आणि ऊनही चांगलं होतं.

प्रत्येकाने तिची स्तुती केली. गोदावरीताई म्हणाल्या, अशी शिक्षिका माझ्या अख्ख्या नोकरीत मला मिळाली नाही. किसनराव म्हणाले, ह्या बाई गेल्यावर शाळा म्हंजे मिठाबिगर भाजी. एवढं बोलून ते रडले आणि बसले. मी मनात म्हणत होते, मग धाडता कशाले बापा? हे सगळे शब्द तुम्ही बुटक्या खुर्च्यांवर बसून बोलला असता तर आज वांगी वाचली असती.

मग मानपत्र. ते वाचायला जुईली उठली. सवडमध्ये कुठल्याही कार्यक्रमात जे वाचायचं ते मुलांनीच वाचायचं, असा वर्षालीचा नियम आहे; कितीही वेळ लागो. नारायणरावांना ह्याची कल्पना आदल्या दिवशीच दिली होती. त्यांनी मान हलवली होती, पण मसुदा बदलला नव्हता.

जुईलीने कागद टेबलावर पसरला. पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मागे भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला.

“शि...क्षण,” ती म्हणाली. बोट सरकलं. “शिक्षण... क्षे... क्षेत्रा... तील.”

मी वर्षालीकडे पाहिलं. तिचेही ओठ हलत होते.

“अ... वि... श्रां... त,” जुईली म्हणाली. “अविश्रांत.” तिने त्या शब्दाकडे जरा रागाने पाहिलं आणि पुढे गेली. “सा... ध... ना... र... त.” मग बराच वेळ गेला. वांग्याची भाजी करपायचा वास आला तरी कोणी उठलं नाही. “वि... दु... षी.” पहिली ओळ संपली होती. खाली अजून अख्खं पान होतं. जुईलीने ते पान वरून खालपर्यंत पाहिलं, बोट उचललं आणि माईकमध्ये स्पष्ट सांगितलं, “मले येवढंच येते. पुढचं बाईनं शिकवलं का मंग वाचीन.”

आणि जागेवर जाऊन बसली.

लोक हसले, आणि हसता हसता त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी नाक पुसलं. नारायणरावांनी तो कागद उचलला, उरलेलं वाचायला घसा साफ केला, कागदाकडे नीट पाहिलं आणि घडी करून खिशात ठेवला. त्यांच्या सगळ्या वकिलीत त्यांनी हातातला कागद न वाचता ठेवल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण.

वर्षालीला बोलायला उभं केलं. “पोट्ट्यायले घाई करू नका,” ती म्हणाली. आणि अंगावर घातलेली शाल सावरत खाली बसली.

राहिले आभार. लोकांचे हात चपलांकडे गेलेच होते.

“कोनी उठू नका,” मी माईकवर म्हटलं. “रोडगे अजून कच्चे हायेत.”

लोक बसले. वऱ्हाडात ह्या एका कारणापुढे कोणाचं चालत नाही. खरं सांगते, तोवर मी काहीच ठरवलं नव्हतं. हातात पुष्पहारवाल्यापासून पाणीवाल्यापर्यंत नावं होती. पण डोक्यात त्या मुलीचं ‘पुढचं’ घुमत होतं, आणि माझं डोकं तापलं की तोंड वाट बघत नाही.

“पहिले आभार आपले अध्यक्ष नारायणराव दाणी साहेबांचे,” मी म्हटलं. “स्वतःची फुशारकी मारायचा त्यांचा स्वभाव नाही, म्हणून त्यांनी अजून सांगितलं नाही. वर्षालीबाईंना ह्या शाळेत कायम करायचा निर्णय साहेबांनी घेतला, त्याबद्दल सगळ्या पालकांच्या वतीने मी त्यांची आभारी आहे!”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मंडपाचं कापड हललं. जुईलीच्या बापाने शिट्टी मारली. आणि नारायणराव उठून उभे राहिले. आभारात आपलं नाव आलं की उठायचं, हात जोडायचे, किंचित वाकायचं, आयुष्यभराची सवय. त्यांचं शरीर आधी उठलं. डोकं मागून आलं, आणि आलं तेव्हा ते हात जोडून वाकलेले होते.

मी उसंत दिली नाही. “दुसरे आभार किसनभाऊंचे. हा निर्णय झाला त्या आनंदात त्यांनी आज एवढं जेवण ठेवलं!”

किसनराव उठले. डोळे पुन्हा भरले होते. मघाशी ते निरोपासाठी रडत होते, आता आनंदासाठी, आणि दोन्ही अगदी खरं होतं. “बाई रायतात?” त्यांनी मला स्टेजवरच विचारलं. “लय चांगलं झालं! मले कोनी सांगतलं काहून नाही?”

“तिसरे आभार गोदावरीताईंचे. ठरावातला शब्द न् शब्द त्यांनी तपासून दिला!”

गोदावरीताईंनी कुठलाही शब्द तपासला नव्हता. पण असं कोणी चारचौघांत म्हणालं की त्यांना नाही म्हणवत नाही. त्यांनी पदर सारखा केला आणि हात जोडले.

नारायणराव माझ्या कानाशी आले. “ज्योत्स्नाताई, असा ठराव झालेलाच नाही.”

“हा घ्या माईक, साहेब. तुमीच सांगा.”

त्यांनी समोर पाहिलं. पालक उभे राहून टाळ्या वाजवत होते, मुलं सतरंजीवर उड्या मारत होती, एका आजोबांनी टोपी काढून वर फेकली होती आणि ती मंडपाच्या दोरीला अडकली होती. वकिलाला केस कधी हरली ते बरोबर कळतं. ते खाली बसले.

मी स्वतःवर बेहद्द खूश होते. अशी शाबासकीची हवा डोक्यात भरलेली असताना मागून कोणीतरी माझ्या हातातून माईक काढून घेतला. वर्षाली होती.

“मले एक सांगा,” ती म्हणाली. तोच दोन माणसांचा आवाज, आणि वर माईक. “मी जावं म्हनून बॅनर लावला, समया लावल्या, माह्या मामाले रडवलं. जातं काय म्हनून मले कोनी विचारलं? नाही. आता राहावं म्हनून टाळ्या वाजवून राह्यले. रायतं काय म्हनून कोनी विचारलं? थेही नाही. मी काय किसनभाऊच्या दुकानातलं गंज-पातेलं हाये काय, ह्या फळीवरून उचललं, त्या फळीवर ठेवलं?”

तिने शाल काढली, नीट घडी घातली, टेबलावर ठेवली आणि स्टेज उतरली. माझ्याकडे पाहिलंही नाही. गुरुवारी ती काहीतरी बोलणार होती आणि मी तिला बोलू दिलं नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं, आणि सगळी हवा निघून गेली.

तिची स्कूटी पहिल्या झटक्यात कधी सुरू होत नाही. ती किक मारत राहिली, आणि एवढ्या मोठ्या मंडपातला एकही माणूस पुढे जायला धजला नाही. आम्ही मंडळाचे लोक तर स्टेजवर मानपत्र घेतल्यासारखे बसून होतो. एकटी जुईली चपला न घालता गेटपर्यंत पळत गेली. मग स्कूटी सुरू झाली आणि आवाज दूर गेला.

जेवणं झाली. आमच्याकडे माणूस नाराज होतो, उपाशी राहत नाही. पण रोडग्यावर तूप वाढताना किसनराव आग्रह करत नव्हते, ह्यावरून काय ते समजा. पंगत उठल्यावर आम्ही चौघं सतरंजीवर उरलो.

“कागद काढा, ताई,” नारायणराव म्हणाले. “जे झालं नाही ते निदान आता तरी होऊ दे. विषय क्रमांक चार.”

गोदावरीताईंनी तोंड उघडलं. किसनरावांनी कधी नव्हे तो त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं. मी लिहिलं, चौघांनी सह्या केल्या. तीन वर्षांचं काम पाणी पिऊन ग्लास ठेवण्याइतक्या वेळात झालं, आणि त्याचा कोणालाच आनंद झाला नाही.

“पन बाई रायतात का?” किसनरावांनी विचारलं.

“फोन करा ना,” गोदावरीताई म्हणाल्या.

“तुमी करा.”

“अध्यक्षांनी करावा.”

कोणी केला नाही. मीही केला नाही. मला वाटलं, ती उचलणार नाही. आणि उचलला तर काय सांगेल, त्याची जास्त भीती वाटली.

सोमवारी सकाळी मी शाळेच्या गेटवर गेले तर नारायणराव आधीच तिथे उभे. “सहज आलो होतो,” ते म्हणाले. ‘सबब’सुद्धा म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने किसनराव आले, हातात डबा नाही, पिशवी नाही, असं त्यांना मी प्रथमच पाहत होते. मग गोदावरीताईंची रिक्षा. मुलं येऊन आत जात होती आणि आमच्याकडे वळून बघत होती. स्कूटीची जागा रिकामी होती.

“अकोल्याची पयली गाडी गेली असन काय?” किसनराव हळूच म्हणाले.

आणि मग कोपऱ्यावरून स्कूटीचा खडखडाट ऐकू आला. वर्षाली आली. आम्हा चौघांना गेटवर तसं तोंडं पाडून उभं पाहून तिने घाईघाईने ब्रेक लावला.

“काय झालं? कोनी गेलं काय?”

नारायणराव पुढे झाले. मला वाटलं, आता हे भाषण करणार.

“बाई,” ते म्हणाले, “तुम्ही राहता का?”

एवढंच. चाळीस वर्षं लोकांना उलटतपासणीत घाम फोडणारा माणूस, आणि हा एक प्रश्न त्यांनी हात जोडून विचारला.

वर्षालीने हेल्मेट काढलं. “अकोल्याले मी कालच फोन करून टाकला. नाही येत म्हनून.”

“कालच?” किसनराव उडालेच. “पन ठराव तर आमी जेवनं झाल्यावर केला!”

“ठराव केला? मले काय मालूम. माही गाडी सुरू होऊन नाही राह्यली, तवा जुईली मागं पळत आली. म्हने, बाई, तुमी उद्या येता काय? तिनं विचारलं. म्या म्हटलं, येईन.” तिने हेल्मेट हँडलला अडकवलं. “तिले येईन म्हटलं म्हंजे मंग याचंच हाये ना.”

मी रडले, मोठ्याने, भर रस्त्यावर. समोरचा किराणावाला दुकान सोडून बाहेर येऊन बघत होता, तरी रडले. गोदावरीताईंनी मला रुमाल दिला आणि मग तोच परत घेऊन स्वतः वापरला.

“आता सरा बरं तुमी,” वर्षाली म्हणाली. “गेट अडवून राह्यले सगळे. पोट्टे थांबले हायेत आत.”

आम्ही चौघंही बाजूला झालो.